टाकणखाराचं पाणी

आमच्या घरात मीठ कधीमधी संपतं, टाकणखार कधी संपत नाही. सोनं-चांदी आटवताना मुशीत टाकतात तो हा पांढरा खार. तो मळ धरून वर काढतो आणि धातू खाली स्वच्छ राहतो. ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, तमिळनाडूत एका गावी गलाईचं दुकान आहे. जुने दागिने, सोनारांच्या दुकानातली झाडलोट, असलं सगळं आटवून त्यातलं सोनं वेगळं काढायचं, हे काम. विट्यापासून कवठे महांकाळपर्यंत कुठल्याही गावात जा, बरेचसे बाप्ये ह्याच धंद्यापायी परमुलखात, आणि गावात त्यांचे बंगले. आमचाही आहे. फरशी इतकी गुळगुळीत की सासूबाई भिंत धरून चालतात. खोल्या ढीगभर, राहणाऱ्या बायका दोन. मुलगी सांगलीला होस्टेलवर. हे येतात यात्रेला आणि दिवाळीला.

माझं माहेर वडूजकडचं. कोरडवाहू जमीन, पीक येईल न येईल, पण वडील दिवेलागणीला घरात असायचे, चिडलेले असले तरी असायचे. नवरा ही सणासुदीला येणारी गोष्ट असते हे मला सासरी आल्यावर कळलं. लग्नानंतरची पहिली यात्रा झाली, हे दुकानावर परत गेले, आणि मागल्या गल्लीतल्या माझ्या थोरल्या जाऊबाई टाकणखाराची पुडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "ह्यातला चिमूटभर कोमट पाण्यात घालायचा आन् आतनं धुवायचं. परमुलखातनं आल्याली मान्सं ही. कुठं बसत्यात, कुठं उठत्यात, आपल्याला काय ठावं? सोन्यातला मळ निगतो, मग बाईचा न्हाई व्हय निगायचा?"

लोणच्याचं प्रमाण सांगावं तसं सांगितलं त्यांनी. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "सासूला इचारू नगंस. मला त्यांनीच शिकवलंय, पर त्या कबूल व्हायच्या न्हाईत."

मला हसू आलं होतं. पण केलं. पुढं दर यात्रेनंतर, दर दिवाळीनंतर केलं. मग पाळी झाली की करायचे, मग उपासाच्या आदल्या दिवशी. देवापुढं बसायचं तर आतबाहेर स्वच्छ असलेलं बरं, असं मीच माझ्या मनाशी ठरवून टाकलं. कुणी सांगितलंही नव्हतं. एकट्या बाईला स्वच्छतेचं वेड लवकर लागतं. दुसरं करायला असतं काय? फरशी पुसायची, भांडी घासायची आणि स्वतःला धुवायचं.

मग ते सुरू झालं. अंगावरून पांढरं जायचं, ते हळूहळू हिरवट-पिवळं झालं. खाज अशी की चारचौघींत बसवेना. लघवीला आग. आणि वास. मी खार वाढवला. मळ जास्त तर खार जास्त, धंद्याचा नियमच आहे. जाऊबाईंना नुसतं एवढंच म्हणाले की, पाणी जातंय. त्याही म्हणाल्या, "वाढीव घाल." घातला. आगीतून फुफाट्यात पडले.

सांगायचं कुणाला? आई गेलेली. मुलीशी असलं बोलायचं कसं? गावातला डॉक्टर ह्यांचा वर्गमित्र, यात्रेत ह्यांच्याच पंगतीला बसणारा. त्याच्यासमोर तोंड उघडणं म्हणजे पारावर जाऊन ओरडणं. शिवाय पोटात एक भीती होती, तिचं तर नावही काढायची सोय नव्हती. त्या मोठ्या आजाराला आमच्याकडे कावीळ म्हणतात. ऐन तारुण्यातले कावीळ झालेले फोटो आमच्या आळीत घरोघरी हार घालून टांगलेत. त्यांच्या बायकाही मागोमाग गेल्या, त्यांनाही कावीळच झाली म्हणायची.

मुलीला भेटून येते असं सासूबाईंना सांगून मी मिरजेला गेले. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात केसपेपर काढला आणि बायकांच्या रांगेत बसले. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असाव्यात. तपासताना त्यांनी आतलं पाणी कापसाच्या काडीवर घेतलं आणि कागदाच्या एका पिवळ्या पट्टीला लावलं. पट्टी हिरवी-निळी होत गेली.

"आत काही लावता का? कशानं धुता?"

मी सांगितलं. गलाईचं सांगितलं, टाकणखाराचं सांगितलं, सगळं सांगितलं. इतकं सलग मी कित्येक महिन्यांत कुणाशी बोलले नव्हते. बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. हातातलं पेन खाली ठेवलं त्यांनी.

"हे बघा, त्या जागी जंतू असतात. चांगले. दह्यात असतात ना, त्यांच्याच भाऊबंदांपैकी. ते ती जागा आंबट ठेवतात. आंबट असलं की बाहेरून आलेल्या रोगाला तिथं सहजासहजी घर करता येत नाही. तुम्ही इतकी वर्षं खार घालून तो आंबटपणा मारत आलात."

"म्हणजे मी मळ म्हणून काढत होते ते..."

"तो मळ नव्हता, तुमची राखण होती ती."

मला रडू यायला हवं होतं, पण मला राग आला. कुणावर, ते कळेना. जाऊबाईंवर? त्यांनी मायेनंच दिलं होतं. सासूबाईंवर? त्यांना त्यांच्या सासूनं दिलं असणार. ज्या माणसांच्या भीतीनं हे सगळं चाललं होतं, ती माणसं चारशे कोस लांब भट्टीपुढं बसली होती आणि त्यांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या पायरवानं आम्ही आमचीच राखण हाकलत होतो.

बाईंनी ते पाणी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि मलाही डोळा लावायला सांगितलं. पेरूच्या आकाराचे, बारीक शेपट्यांचे जीव होते. धक्के मारत, एकमेकांना ढकलत इकडून तिकडे पळत होते. मी म्हणाले, "आमच्याकडे एवढी वर्दळ पहिल्यांदाच बघतेय." तेव्हा मात्र त्या हसल्या.

मग मी विचारलं, अंगात एवढा रोग शिरतो आणि शरीर काहीच करत नाही का? तापाशी झगडतं तसं?

"करतं की. ती आग, ती सूज, ते पाणी, ते सगळं तुमचं शरीरच करतंय. त्याच्या पेशी धावून आल्यात. पण त्या झगड्यात आतलं नाजूक अस्तर दुखावतं, आणि दुखावलेल्या अस्तरातून दुसरे मोठे आजार शिरायला सोपं जातं. म्हणून तुमचं रक्तही तपासायचंय."

"आणि हे बरं झालं, की मग पुन्हा होत नाही ना? गोवरासारखं?"

"होऊ शकतं. गोवर शरीराच्या लक्षात राहतो. हा रोग तसा राहत नाही."

शरीराचं बरं आहे, असं तेव्हा मनात आलं. माझ्या तर सगळं लक्षात राहतं.

रक्त देऊन बाकावर बसले. शेजारी एक लेकुरवाळी होती, तिच्याबरोबर तिची आई. पलीकडे एक म्हातारी, तिचा लेक तिला चहा पाजत होता. माझ्याबरोबर पिशवी होती. त्या बाकावर मी मरणाचा असा काही मोठा विचार केला नाही. सासूबाईंच्या डोळ्यांतले थेंब कुणाच्या हाताला जमतील, सिलिंडरचं बुकिंग माझ्याच फोनवरून होतं ते आता कोण करील, मुलीच्या लग्नात माझ्या जागी कोण उभी राहील, असले विचार. आणि मी इथं बसलेय हे जगात कुणालाच माहीत नाही, हे फार लागलं. मी तिथल्या तिथं पडले असते तर आधी पिशवीतला फोन शोधून मग कुणाला तरी कळवावं लागलं असतं.

रक्तात काही निघालं नाही. मी संडासात जाऊन, नळ सोडून, पोटभर रडले. बाहेर आल्यावर बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. मला आठवडाभराच्या, ह्यांना एकदम गिळायच्या, दोघांनाही.

"दोघांनी एकाच सुमारास घ्यायच्या. त्या संपेपर्यंत आणि पुढं आठवडाभर जवळ यायचं नाही. गोळ्या चालू असताना दारू अजिबात नाही. तुम्ही एकट्यानं घेतल्यात तर उपयोग नाही, ते आले की तुम्हाला परत होईल."

"त्यांना तर कसलाच त्रास नाही."

"पुरुषांना बहुतेकदा नसतो."

"हे आणलं कुणी, कधी?"

"ते मला सांगता येणार नाही. हा रोग महिनोन्‌महिने गप्प बसून राहू शकतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर जाऊन फोन लावला. मागं भट्टीच्या पंख्याचा आवाज येत होता. मी सगळं सरळ सांगितलं. आडून सांगायला मला जमत नाही, जमलं असतं तर संसार सोपा झाला असता.

"मला कशाला गोळ्या? मी ठणठणीत हाय," हे म्हणाले.

"डॉक्टरबाईंनी दोघास्नी सांगितल्यात."

पंख्याचा आवाज लांब गेला, हे भट्टीपासून उठून बाहेर आले असावेत. मग म्हणाले, "तू तिथं एकटी असतीस. कोण येतं, कोण जातं, मी कवा इचारलंय का तुला?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, असं मी बोलायला हवं होतं. फोन ठेवला आणि गच्चीच्या कठड्याशी उभी राहिले. समोर बंगलेच बंगले, गुलाबी, पोपटी, निम्म्यांना कुलपं. आमच्या घरी कोण येतं? दूधवाला येतो, सिलिंडरवाला येतो, कधीतरी जाऊबाई येतात. ज्या एकटेपणाबद्दल ह्या माणसानं कधी मला विचारलं नव्हतं, त्याचाच पुरावा करून त्यानं माझ्यापुढं टाकला. इतकं एकटं मला मिरजेच्या बाकावरसुद्धा वाटलं नव्हतं.

मी माझ्या गोळ्या घेतल्या. तोंड कडू झालं, जेवण जाईना, पण आग थांबली, वास गेला. टाकणखार मी बंद केला आणि जाऊबाईंनाही जाऊन सांगितलं. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुजा इस्वास डाक्तरनीवर, माजा खारावर. तू तुजं बघ." मला वाटलं, झालं, आता बोलणंही बंद. पण आठेक दिवसांनी गिरणीत दळण घेऊन उभ्या होतो तर पट्ट्याच्या आवाजात तोंड माझ्या कानाशी आणून त्यांनी हळूच विचारलं, "ते आंबट परत येतं का गं?" मी म्हणाले, "येतं म्हणत्यात, आपलं आपण." त्या मान हलवत दळणाकडे बघत राहिल्या.

यात्रेला हे आले. मला साडी, सासूबाईंना शाल, लेकीला घड्याळ. मी माझी गादी सासूबाईंच्या खोलीत टाकली होती, त्यांचे गुडघे रात्री दुखतात ह्या निमित्तानं. ह्यांनी बघितलं आणि आपली बॅग आमच्या खोलीत नेऊन ठेवली. पालखी झाली, दुसऱ्या दिवशी मटणाची जेवणं. सकाळी मी चहाबरोबर गोळ्यांची पट्टी ठेवली.

"आता नगं," हे म्हणाले. "चार पावणं हायत, बसावं लागतंय. दारूवर चालत न्हाईत म्हणलीस न्हवं? तिकडं गेल्यावर घेतो." पट्टी खिशात टाकली. दारूचं कारण डॉक्टरीणबाईंनीच दिलं होतं, आता कुणाशी भांडायचं?

परत गेल्यावर आठवड्यानं फोन आला. कांद्याचा भाव, आईचे गुडघे, लेकीची फी. शेवटी म्हणाले, "घेतल्या." मी म्हणाले, "बरं."

श्रावणात पुन्हा तपासणीला गेले. ह्या खेपेला पट्टी पिवळीच राहिली. बाई म्हणाल्या, "बघा, आले की नाही ते चांगले जंतू परत? तुम्ही नुसतं त्यांना त्रास द्यायचं थांबवलंत, बाकी त्यांचं त्यांनी केलं." मला खरंच आनंद झाला. माझ्या मनाविरुद्ध, मी इतकी वर्षं हाकलत असतानाही, माझं अंग माझ्या बाजूनं होतं. असं माझ्या बाजूनं दुसरं कुणी मला चटकन आठवेना.

"मिस्टरांनी घेतल्या गोळ्या?"

"घेतल्या म्हणतात."

बाईंनी मान वर केली. "म्हणतात?"

येताना एसटीत तेच डोक्यात घोळत होतं. ह्यांनी खरं सांगितलं की खोटं, हे कळायचा एकच मार्ग होता, आणि तो माझ्या अंगावरून जात होता. त्यांच्याजवळ जायचं आणि मग वाट बघायची, आग होते का. नवऱ्यावर विश्वास ठेवायचा तर असा ठेवायचा. मी विट्याला उतरले आणि औषधाच्या दुकानातून तीच चिठ्ठी दाखवून ह्यांच्या गोळ्यांची आणखी एक पट्टी घेतली.

दिवाळीला हे आले त्या दिवशी दुपारी सासूबाई झोपलेल्या होत्या. मी पाण्याचा तांब्या आणि पट्टी ह्यांच्यापुढं ठेवली.

"घेतल्यात म्हणलं न्हवं मी?"

"मग परत घ्या. माज्यासमोर."

मला वाटलं, आता तांब्या भिंतीवर जाईल. ह्यांचा स्वभाव तसा तापट. पण हे पट्टीकडे बघत राहिले. मग एकेक गोळी काढून गिळली, लहान मूल औषध घेतं तशी, डोळे मिटून. खरंच आधी घेतल्या असत्या तर ह्या माणसानं घर डोक्यावर घेतलं असतं. मला माझं उत्तर मिळालं.

तांब्या खाली ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुजं रगात तपासलंतं? त्या मोठ्या रोगाचं?"

"तपासलं. काय न्हाई."

ह्यांनी सोडलेला तो श्वास मी अजून विसरले नाही. किती दिवस छातीत धरला होता कोण जाणे. "मला न्हेशील तिथं?" म्हणाले. "तिकडं जायाला भ्या वाटतं. दुकानाच्या गावात बी आपलीच समदी वळकीची मान्सं. दोनदा दवाखान्याच्या दारातनं माघारी आलोय."

पाच-सहा महिन्यांपूर्वी गच्चीवर मला काय ऐकवलं होतं, ते मी काढू शकले असते. काढावंसं वाटलं, फार वाटलं. पण समोर बसलेला माणूस भट्टीच्या धुरानं डोळे कायमचे लाल झालेला, केस विरळ झालेला, घाबरलेला होता. पोरसवदा वयात त्याला कुणीतरी परमुलखात नेऊन भट्टीपुढं बसवलं, तेव्हापासून तोही एकटाच होता. हे मला समजत होतं. समजलं म्हणून लागायचं थांबत नाही.

भाऊबीज उरकून, गोळ्यांना आठवडा झाल्यावर आम्ही मिरजेला गेलो. ह्यांनी रक्त दिलं आणि आम्ही बाकावर बसलो. चारचौघांत कधी माझ्या बाजूला न बसणाऱ्या ह्या माणसानं माझा हात धरला. मी हात तसाच राहू दिला. मी बसले होते तेव्हा हा हात कुठं होता, एवढंच माझ्या मनात येत राहिलं. आत नाव पुकारलं तशी ह्यांच्याबरोबर मीही उठले. ह्यांच्याही रक्तात काही निघालं नाही. हे तिथंच, रिपोर्ट सांगणाऱ्या मुलीच्या टेबलापुढं, ओंजळीत तोंड घालून रडले. टेबलामागची मुलगी मला म्हणाली, "बरोबर तुम्ही आहात, नशीबवान आहेत हे."

परतताना एसटीत खिडकीची जागा ह्यांनी मला दिली. तासगाव मागं पडल्यावर म्हणाले, "मिटलं म्हणायचं आता समदं."

"तुमचं मिटलं," मी म्हणाले.

घरी पोचलो, जेवणं झाली. ह्यांनी आमच्या खोलीतला पलंग स्वतः झाडला, नवी चादर घातली आणि दिवा चालू ठेवून आडवे झाले. मी भांडी आवरली, सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घातले आणि त्यांच्याच खोलीत, माझ्या गादीवर झोपले. डॉक्टरांच्या मते आता आम्ही दोघंही बरे होतो.